भिंतीवर वाचन दिन, कपाटाला कुलूप

१५ ऑक्टोबर जवळ आला की शाळाशाळांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची तसबीर टेबलावर येते. हार चढतो, मुलांच्या हातात एकेक पुस्तक दिलं जातं, फोटो निघतो आणि पुस्तकं परत गोळा केली जातात. २०१५ पासून महाराष्ट्रात हा 'वाचन प्रेरणा दिवस' पाळला जातो. त्याच तारखेला जागतिक हात धुण्याचा दिवसही येतो. त्यामुळे आधी साबण, मग पुस्तक, आणि दोन्हींचे फोटो एकाच ग्रुपवर, असा कार्यक्रम मी एकापेक्षा जास्त शाळांत पाहिला आहे. सोळा तारखेला काय होतं हे कुणी विचारत नाही. सोळा तारखेला कपाटाला कुलूप असतं.

कलाम साहेबांबद्दल माझी काही तक्रार नाही. रामेश्वरममध्ये वर्तमानपत्रं टाकणारा मुलगा राष्ट्रपती झाला, ही गोष्ट मी स्वतः वर्गात सांगते आणि मुलं कान देऊन ऐकतात. माझं भांडण आहे ते त्या दिवशीच्या प्रत्येक भाषणात हटकून येणाऱ्या एका वाक्याशी: "आजकालच्या मुलांना वाचनाची आवडच राहिलेली नाही." अधिकारी हे म्हणतात, शिक्षक म्हणतात, आपल्या जलशांतले मौलाना आणि प्रोफेसरही म्हणतात. हे वाक्य खोटं आहे. आवड राहिली नाही म्हणायला ती आधी लागलेली असावी लागते, आणि लागायला ती चीज समोर असावी लागते. ज्या पोरानं हापूस कधी चाखला नाही, त्याला हापूस आवडत नाही असं आपण म्हणतो का?

मी वाकोल्यात राहते. उर्दू माध्यमाच्या लहान वर्गांना उर्दू आणि मराठी शिकवते. माझ्या मुलांचे वडील रिक्षा चालवतात, जरीकाम करतात, एसी दुरुस्त करतात, वाकोला पुलाजवळ फळांची गाडी लावतात. काहींचं गाव कोकणात, काहींचं मराठवाड्यात, बऱ्याच जणांचं आझमगड-बस्तीकडे. घर म्हणजे एक खोली आणि वर पोटमाळा. या घरांत छापील कागद कोणता? शाळेची पुस्तकं, नूरानी कायदा, कुरआन शरीफ, आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले दाखले व रेशनकार्ड. गोष्टीचं पुस्तक बहुतेक घरांत नाही. आणि याच वस्तीच्या शेजारी, कलिन्याला, मुंबई विद्यापीठ आहे. तिथे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे, मराठीचा विभाग आहे, उर्दूचाही आहे. माझ्या वर्गातल्या पोरांना त्या सगळ्यातलं फक्त कुंपण माहीत आहे.

घरात पुस्तक नाही, तर ते शाळेत असावं. हे काही माझं स्वप्न नाही, कायदा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. शाळेत काय काय असलंच पाहिजे याची यादी त्याच्या परिशिष्टात आहे. प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि सर्व विषयांची पुस्तकं हवीत, गोष्टींची पुस्तकंसुद्धा. 'गोष्टींची पुस्तकं' असा वेगळा उल्लेख करण्याइतकं भान कायदा लिहिणाऱ्यांना होतं. पुढे समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला पाच ते वीस हजार रुपयांची तरतूद आली. रक्कम फार नाही, पण शून्यही नाही.

मग पुस्तकं जातात कुठे? कुठेही जात नाहीत, हीच तर अडचण आहे. ती येतात आणि डेड स्टॉक रजिस्टरवर चढतात. नाव नीट वाचा: डेड स्टॉक. टेबल, खुर्ची, घंटा, पंखा आणि त्यांच्या रांगेत गोष्टीचं पुस्तक. हरवलं तर जबाबदार शिक्षक, फाटलं तर लेखी खुलासा. पगारावर घर चालवणारा माणूस अशा वेळी जे करील तेच आमचे शिक्षक करतात, चावी पर्समध्ये ठेवतात. मी पूर्वी जिथे शिकवत होते त्या एका शाळेत सलग तीन वर्षं एकही पुस्तक गहाळ झालं नाही म्हणून तपासणीत शेरा मिळाला होता, 'उत्तम'. कपाट उघडलं तेव्हा काही गठ्ठ्यांची सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. आत बहुतेक थोर पुरुषांची बारीक टायपातली चरित्रं होती, आठवीच्या मुलालाही जड जातील अशी. पहिली-दुसरीच्या पोरांनी उघडावं, चित्र बघावं, असं त्यात जेमतेम काही. म्हणजे कुलूप नसतं तरी फारसं बिघडलं नसतं, असं म्हणायची सोय होती.

आता वाचायला शिकवण्याबद्दल जरा सविस्तर बोलते. त्याशिवाय आवडीची चर्चा हवेत राहते. बीएडला आम्ही हर्बार्टच्या पायऱ्या पाठ केल्या, पाठ टाचणांच्या वह्या भरल्या. सहा वर्षांचं पोर अक्षरावरून शब्दावर आणि शब्दावरून अर्थावर कसं जातं, हे तिथे कुणी सांगितलं नाही. ते मी मुलांकडून शिकले.

उर्दूचं बघा. अलिफ आणि सीन लिहिलं की 'इस' होतं आणि 'उस'ही होतं. काफ आणि लाम म्हणजे 'कल', आणि तेच 'कुल'. मीम, ये, लाम लिहा: 'मेल' वाचा, 'मैल' वाचा, 'मील' वाचा, तिन्ही बरोबर. जेर, जबर, पेश या खुणा सुरुवातीच्या धड्यांत असतात, पुढे गळून पडतात. मग इथे 'इस' आहे की 'उस', हे मूल कशावरून ठरवतं? वाक्यावरून. आधी काय झालं आणि पुढे काय होऊ शकतं याच्या अंदाजावरून. ज्याच्या कानावर शेकडो गोष्टी पडल्या आहेत ते पोर अंदाज बांधतं आणि सरळ पुढे जातं. ज्याच्या कानावर पडल्याच नाहीत ते अडखळतं, आणि आपण त्याच्या प्रगतिपुस्तकात लिहितो, 'पढ़ने में कमज़ोर'.

मराठीत नेमकं उलटं. देवनागरी बहुतेक जशी दिसते तशी वाचता येते. 'चहा'तला च आणि 'चाळी'तला च वेगळा, अशा थोड्या खोड्या सोडल्या तर बाराखडी आली की गाडी धावते. माझी तिसरीची मुलं 'ओसरी', 'मोट', 'पाणवठा' खडाखड वाचून दाखवतात. अर्थ विचारला की एकमेकांकडे बघतात. पाइपलाइनच्या कडेला वाढलेल्या पोरानं ओसरी कुठे पाहिलेली असणार? म्हणजे एकाच डोक्यात दोन उलट अडचणी आहेत. उर्दूत अर्थ लागल्याशिवाय नीट वाचता येत नाही, आणि मराठीत अर्थ न लागता नीट वाचता येतं. दुसरी अडचण जास्त फसवी, कारण पाहुणे आले की ती हुशारीसारखी दिसते.

दोन्हींवर उपाय मात्र एकच आहे. मुलांना रोज काहीतरी वाचून दाखवणं, आणि नंतर तेच पुस्तक त्यांच्या हातात सोडणं. धड्याची पारायणं करून हे होत नाही, कारण धडा दहाव्यांदा वाचताना पोर वाचत नसतं, आठवत असतं.

आमच्याकडे याऐवजी स्टॉपवॉच आलं आहे. ५ जुलै २०२१ ला केंद्रानं निपुण भारत सुरू केलं. उद्देश चांगला, तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं. त्यात अपेक्षा लिहिली आहे: दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीच्या अखेरीस किमान ६०, आणि तेही समजून. 'समजून' कागदावर आहे, मोबाइलच्या घड्याळात ते मोजता येत नाही, म्हणून वर्गापर्यंत फक्त आकडा पोचतो. अशाच एका तपासणीत माझी एक विद्यार्थिनी उतारा वाचता वाचता मध्येच थांबली, चित्राकडे पाहून हसली आणि मग पुढे गेली. तिचे शब्द कमी भरले. शेजारचा मुलगा न थांबता, श्वास न घेता सुटला होता, त्याचे पुरेसे भरले. आपण काय वाचलं हे दोघांपैकी कुणाला विचारलं गेलं नाही.

(देशभर मुलांच्या वाचनाचे आकडे देणारा 'असर' अहवाल २००५ पासून निघतो. तो काढणारी 'प्रथम' ही संस्था १९९५ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांतच सुरू झाली. पण 'असर' ही पाहणी ग्रामीण भागाची, म्हणजे वाकोल्याची पोरं त्या चांगल्या आकड्यांतही नाहीत आणि वाईटही आकड्यांत नाहीत.)

इथवर शासनाला धारेवर धरलं म्हणून आपले लोक खूश झाले असतील. आता घरचं बोलते.

आपल्या प्रत्येक तालीमी जलशात वक्ते 'इक्रा'पासून सुरुवात करतात. पहिला हुकूम 'वाच' असा आला, असं सांगतात, सभा सुभानल्लाह म्हणते. मग शाली, ट्रॉफ्या, दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार, जेवण. मी अशा व्यासपीठांवर बसलेली आहे, म्हणून सांगते: तिथे पहिलीच्या पोराचा विषय निघत नाही. नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलीला घड्याळ मिळतं, पण ती मुलगी सहा वर्षांची असताना तिच्या हातात चित्रांचं पुस्तक कुणी दिलं नव्हतं, आणि तिच्या धाकट्या भावालाही कुणी देणार नाही. मंडपवाल्याला एका रात्रीचं भाडं विचारा आणि त्यात एका वर्गाची वर्षभराची पुस्तकं येतात की नाही ते स्वतः करून बघा.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. आपलं मूल सात-आठ वर्षांचं होईतो मक्तबात नाजरा वाचू लागतं. मी हे मराठी शाळेतल्या माझ्या मैत्रिणींना अभिमानानं सांगते. ज्या पोराला सगळे 'मागास' म्हणतात, ते अरबी आणि उर्दू उजवीकडून, मराठी आणि इंग्रजी डावीकडून वाचतं. इतक्या लिप्या एवढ्या वयात किती जणांना येतात? नाजरा ही इबादत आहे, तिचा हेतू वेगळा, तिची शिस्त वेगळी. बिघडतं ते तेव्हा, जेव्हा आम्ही शाळेतले शिक्षकही धडा नाजऱ्यासारखा घेतो: टीचरनं एक ओळ म्हणायची, चाळीस जणांनी एका सुरात मागून म्हणायची, अर्थाचं नंतर बघू. त्यातून पोराची समजूत होते की वाचणं म्हणजे आवाज काढणं. तसंच अदबीचं. कुरआन शरीफ जुझदानात, उंचावर, वजू करून हातात घ्यायचा, हे बरोबरच आहे. पण तीच सवय आपण उंदीर-मांजराच्या पुस्तकालाही लावतो: "हात मत लगा, खराब हो जाएगी." गोष्टीच्या पुस्तकाची अदब वेगळी असते. ते जमिनीवर पडून वाचायचं असतं, त्यावर चहा सांडतो, त्याचं पान दुमडतं. काही वाचक यावर रागावतील. रागवा, पण आपल्या घरातलं गोष्टीचं पुस्तक कोणत्या उंचीवर आहे तेवढं आज बघून घ्या.

कलामांच्या आधी देशाला आणखी एक राष्ट्रपती मिळाले होते, डॉ. झाकीर हुसेन, १९६७ ते १९६९. त्याआधी अनेक वर्षं त्यांनी जामिया मिल्लिया चालवली, आणि एवढ्या मोठ्या माणसानं लहान मुलांसाठी बसून गोष्टी लिहिल्या. 'अब्बू खां की बकरी' त्यातली. चांदनी नावाची बकरी दावं सोडून डोंगरात पळते, रात्रभर लांडग्याशी झुंजते आणि पहाटे पडते. ही गोष्ट मी तिसरीत दोन दिवस, वीस-वीस मिनिटं, नुसती वाचून दाखवली. मागाहून प्रश्नोत्तरं नाहीत, 'बोध' नाही. शेवटी झाडावरची पाखरं कोण जिंकलं यावर वाद घालतात, तोच वाद वर्गात पेटला. एक मुलगा म्हणाला, "भेड़िये ने खा लिया, तो भेड़िया जीता, सिंपल." मागच्या बाकावरची एक मुलगी, जी कधी तोंड उघडत नाही, उभी राहिली: "तो घर पे बंधी रहती क्या पूरी ज़िंदगी?" मधली सुट्टी झाली तरी कुणी उठेना. दुसऱ्या आठवड्यात मराठीच्या तासाला तीच गोष्ट मी मराठीतून सांगितली. आता गोष्ट माहीत होती, म्हणून 'लांडगा', 'पहाट', 'झुंज' हे शब्द मला समजावून सांगावे लागले नाहीत. 'झुंज' तर चार दिवसांनी कबड्डीच्या वेळी मैदानात ऐकू आला. यातलं कुठलं पोर वाचनाची आवड नसलेलं होतं, ते मला दाखवा.

"पण मॅडम, मोबाइल!" ही तक्रार मी फार वेळ ऐकून घेत नाही. मोबाइलच्या विरोधात उभं करायला पुस्तक तर हवं. एकाच पहिलवानाला आखाड्यात उतरवायचं आणि तो जिंकला म्हणून रडायचं, हा काय प्रकार आहे?

"पालक अनपढ आहेत" ही तक्रार जास्त गंभीर आहे, आणि जास्त चुकीचीही. ज्या अम्मीला वाचता येत नाही तिला ऐकता येतं. पोर मोठ्यानं वाचतं, 'इस'च्या जागी 'उस' म्हणतं, तेव्हा पोळ्या लाटता लाटता ती म्हणते, "क्या बोला, फिर से बोल." वाक्य चुकलं हे तिच्या कानाला कळतं. उर्दू वाचायला शिकणाऱ्या मुलाला याहून चांगली मदतनीस मी दिली नसती. फक्त घरी न्यायला पुस्तक द्या.

राहिला पोर्शन. शिक्षकांवर जनगणना, निवडणूक, बीएलओची ड्युटी, ऑनलाइन माहिती भरणं एवढं लादलेलं आहे की आणखी वीस मिनिटं मागताना मलाही संकोच वाटतो. तरी मागते. कारण ज्याला वाचता येत नाही त्याच्यापुढे पूर्ण केलेला पोर्शन कुणासाठी पूर्ण होतो?

केरळातही वाचन दिन असतो, १९ जूनला, पी. एन. पणिक्कर यांच्या स्मृतिदिनी. पण पणिक्करांनी १९४५ मध्ये ४७ ग्रंथालयांना एकत्र आणून संघ बांधला, गावोगाव वाचनालयं उभी राहिली, आणि दिवस त्यानंतर आला. आपल्याकडे दिवस आधी आला, बाकीचं अजून यायचं आहे.

२०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको यावर महाराष्ट्र पेटला होता. १६ एप्रिलला हिंदीचा आदेश निघाला, रान उठलं, २९ जूनला सरकारनं माघार घेतली. लहान पोरांवर तीन भाषांचा भार नको, हे मलाही पटतं. पण त्या अडीच महिन्यांत, ज्या दोन भाषा आहेत त्यांतली किती पुस्तकं पहिलीच्या वर्गात आहेत, असा सवाल मी एकाही चर्चेत ऐकला नाही. मराठीसाठी छाती पिटणाऱ्यांनीही विचारला नाही, उर्दूसाठी डोळे पुसणाऱ्या आपल्या लोकांनीही नाही. भाषेवर प्रेम करायला मोर्चा लागतो असं सगळ्यांना वाटतं, आणि सात वर्षांच्या मुलाला समजेल असं पुस्तक विकत घ्यायला मात्र कुणाच्या खिशात हात जात नाही.

पुस्तकं मिळत नाहीत, हे अर्धंच खरं आहे. वाकोल्यात उर्दू बालपुस्तकाचं दुकान मला माहीत नाही, मी सांताक्रूझहून हार्बर पकडून सँडहर्स्ट रोडला उतरते आणि भेंडीबाजारात शोधते. पण नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेत उर्दूही आहे, मराठीही. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर दोन्ही भाषांतली चित्रपुस्तकं फुकट उतरवून छापता येतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं उर्दू शाळेतल्या मुलांना मराठीकडे जितकी सहज नेतात तितकं पाठ्यपुस्तक नेत नाही, हा माझा अनुभव. मराठी लेखकांना एक विनंती इथेच करून ठेवते: तुमच्या गोष्टीतली आयेशा किंवा इरफान फक्त ईदच्या दिवशी शिरखुर्मा घेऊन येऊ नये. एखाद्या साध्या मंगळवारी, रबर हरवलं म्हणूनही येऊ दे.

आणि मशिदींच्या कमिटीवर बसलेल्या भावांना सांगणं आहे. मक्तबाची खोली मगरिबनंतर रिकामी असते. तिथे आठवड्यातून दोन संध्याकाळी मुला-मुलींना सोडा, वाचून दाखवायला कॉलेजात जाणाऱ्या मुली मी आणते. रमजानच्या आधी खर्चाचा अंदाज मांडाल तेव्हा रंगरंगोटी, पंखे, लाउडस्पीकर यांच्या खाली एक ओळ पुस्तकांची टाका. यादी माझ्याकडे तयार आहे, उर्दूची वेगळी आणि मराठीची वेगळी. कपाट नको. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी बांधली की तीस-चाळीस पातळ पुस्तकं लटकवता येतात, तीही पाच वर्षांच्या पोराचा हात पोचेल एवढ्या उंचीवर.